मातीतला कर्ब आणि नैसर्गिक शेतीचा ताळेबंद

महाराष्ट्राच्या पठारावरील काळी जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हारसाच्या बेसाल्ट खडकातून झिजून तयार झाली असून, भिजली की फुगण्याचा आणि वाळली की भेगाळण्याचा तिचा स्वभाव, तिच्यातील चुनखडी आणि ओल धरून ठेवण्याची तिची ताकद या गोष्टी तिला मुख्यतः त्या खडकाकडून आणि इथल्या हवामानाकडून मिळाल्या आहेत. जी गोष्ट खडक देऊ शकत नाही आणि जी केवळ वनस्पती, जनावरे व जीवजंतू यांच्याकडूनच मातीत येते ती म्हणजे सेंद्रिय कर्ब, अर्थात पाने, मुळे, शेण आणि मेलेले सूक्ष्मजीव कुजून मातीत मुरलेला कार्बन. केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू केलेल्या योजनेतून शेतकऱ्याच्या हाती जी मृदा आरोग्य पत्रिका येते, तिच्यातील बारा रकान्यांपैकी सर्वांत जास्त बोलका आणि बहुधा सर्वांत कमी वाचला जाणारा रकाना हाच आहे. कर्बाचे प्रमाण ०.५० टक्क्यांहून कमी असल्यास जमीन या बाबतीत कमी प्रतीची, ०.५० ते ०.७५ टक्के असल्यास मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास चांगली समजली जाते. पठारावरील, विशेषतः कोरडवाहू पट्ट्यातील असंख्य पत्रिकांवर हा आकडा पहिल्याच वर्गात अडकलेला दिसतो.

अर्धा टक्का ही मात्रा कागदावर क्षुल्लक वाटते, पण तिचा हिशेब केला की तिचे वजन कळते. एक हेक्टर क्षेत्रातील वरच्या पंधरा सेंटिमीटर थराची माती साधारण २२ लाख किलो भरते, म्हणजे अर्ध्या टक्क्याने तिच्यात ११ टन कर्ब असतो आणि कर्बाला १.७२ने गुणून सेंद्रिय पदार्थ काढण्याच्या रूढ पद्धतीप्रमाणे पाहिले तर सुमारे १९ टन सेंद्रिय पदार्थ. या पदार्थाचा जो भाग पुरता कुजून, मूळ पाना-मुळांची ओळख हरवून, काळपट आणि टिकाऊ रूपात मातीच्या कणांना चिकटून राहतो त्याला ह्यूमस म्हणतात. ह्यूमस, बुरशीचे तंतू आणि जिवाणूंनी सोडलेले चिकट द्रव मिळून मातीच्या सुट्या कणांना एकत्र बांधतात व त्यातून जे रवे तयार होतात त्यांच्यामधल्या पोकळ्यांतूनच हवा आणि पाणी खेळते. पीकवाढीसाठी सर्वांत अनुकूल अशी जी स्थिती शेतकरी ‘वाफसा’ या शब्दाने ओळखतो, म्हणजे जमीन ओली आहे पण चिखल नाही, बोटांत दाबली तर गोळा होतो आणि सोडला तर तो भुगभुगतो, ती स्थिती पावसानंतर किती लवकर येते आणि किती दिवस टिकते हे या रव्यांवर अवलंबून असते. याच सेंद्रिय पदार्थाच्या पृष्ठभागावर अन्नद्रव्ये धरून ठेवली जातात, चुनखडीयुक्त जमिनीत एरवी अडकून पडणारे लोह आणि जस्त त्याच्या आम्लांमुळे मुळांना मिळू शकते, आणि मातीतील जवळजवळ सगळा नत्रसाठा त्याच्याच पोटात असतो. जमिनीची सुपीकता वाढवायची म्हणजे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच बहुतांशी एका ताळेबंदात सापडते: दरवर्षी मातीत कर्ब किती गेला आणि मातीतून किती निघून गेला.

निघून जाण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. मातीतील सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खातात आणि श्वासावाटे त्यातील कार्बन हवेत सोडतात. ही क्रिया उष्णतेबरोबर वेगाने वाढते, म्हणून थंड प्रदेशातील जमिनीत जो कर्ब सहज साठतो तो मे महिन्याच्या उन्हात उघड्या पडलेल्या काळ्या रानात टिकत नाही. वारंवार नांगरट आणि रोटाव्हेटर यांनी रवे फुटतात, आत सुरक्षित राहिलेला सेंद्रिय पदार्थ हवेला उघडा होतो आणि जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. नांगरटीनंतरचे पीक जोमदार येते याचे एक कारण हेच की, त्या वर्षी जमिनीची शिल्लक मोडून खर्च झालेली असते. पहिल्या जोरदार पावसात वाहून जाणारी गढूळ माती ही नेहमी वरच्या, म्हणजे सर्वांत कर्बयुक्त थराची असते. याच्या जोडीला धसकटे वेचून बांधावर जाळण्याची जुनी रीत आहे, भातपट्ट्यात रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या आणि शेण रचून ‘राब’ भाजण्याची रीत आहे, आणि अलीकडच्या काळात उसाचे पाचट पेटवण्याची आहे. युरियासारख्या स्वस्त नत्राला या ऱ्हासाचे एकमेव कारण ठरवणे मात्र शास्त्राला धरून होणार नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७०च्या सुमारास देशभर सुरू केलेल्या दीर्घकालीन खत-प्रयोगांत पुन्हापुन्हा दिसून आले की केवळ नत्र दिलेल्या वाफ्यांची उत्पादकता ढासळत गेली, तर संतुलित खतांबरोबर शेणखत दिलेल्या वाफ्यांत उत्पादन आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही उत्तम टिकले. युरियाचा खरा अपाय असा की त्याने शेणखताची उणीव काही काळ झाकली आणि ती भरून काढण्याची निकड शेतकऱ्याला वाटेनाशी झाली.

ही उणीव नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात रानावनातील पालापाचोळा व मेलेल्या जीवजंतूंचा सारांश पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरतो आणि त्यानेच जमीन सुपीक होते, हे स्पष्टपणे मांडले आहे. हा सुपीक गाळ ओढ्यानाल्यांतून वाहून जाऊ नये म्हणून सरकारने पलटणीतील शिपायांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, अशी सूचना त्यांनी केली आणि जंगल खात्याने चराऊ राने बंद केल्यामुळे शेतकऱ्यांची जनावरे घटली, हा संबंधही दाखवून दिला. कुरण गेले की जनावर जाते, जनावर गेले की शेण जाते आणि शेण गेले की जमीन जाते, ही साखळी आजच्या मृदाशास्त्राच्या भाषेतही जशीच्या तशी मांडता येते. त्या काळी या साखळीला आधार देणाऱ्या व्यवस्था गावात होत्या. पावसाळा सरल्यावर धनगरांचे कळप पठारावरून खाली उतरत, रिकाम्या रानात रात्रीपुरती मेंढरे बसवली जात, आणि लेंडी-मूत्राच्या मोबदल्यात शेतकरी मेंढपाळाला धान्य देत असे. ही पद्धत काही भागांत अजून चालू आहे, आणि दूरच्या कुरणातील सुपीकता खतवाहतुकीचा खर्च न करता शेतात आणून सोडणारी इतकी सोपी योजना क्वचितच दुसरी असेल.

खताच्या पद्धतशीर अभ्यासाचाही या प्रदेशाशी जवळचा संबंध आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूर संस्थानातील वनस्पती-उद्योग संस्थेत काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून व ते ठरावीक अंतराने परतून सुमारे तीन महिन्यांत उत्तम कंपोस्ट करण्याची रीत बसवली, जी पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. १९३१ साली या विषयावर निघालेल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी नंतर जी टाकी-पद्धत विकसित केली ती त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून देशभर पोहोचली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा, भिंतीत हवेसाठी झरोके ठेवलेल्या विटांच्या टाकीत काडीकचरा, माती आणि शेणकाला यांचे थर भरून वरून लिंपून घ्यायचे, अशी ती रीत आहे. तिचे मोठेपण शेणाच्या काटकसरीत आहे, कारण चौदा-पंधरा क्विंटल काडीकचऱ्याला शेण अवघे क्विंटलभर पुरते, आणि दोन-तीन जनावरांवर भागवणाऱ्या कुटुंबाला नेमकी हीच सोय हवी असते.

‘नैसर्गिक शेती’ हा शब्द आज महाराष्ट्रात उच्चारला की बहुतेकांना अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर आठवतात, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली आणि ज्यांच्या पद्धतीने महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक व आंध्र प्रदेशातही मोठा शेतकरीवर्ग जोडला. सेंद्रिय शेतीत शेणखत, गांडूळखत, पेंड अशी निविष्ठा बाहेरून विकत आणलेली चालते. नैसर्गिक शेतीचा आग्रह असा की शक्य ते सारे शेतातच तयार व्हावे आणि बाजारातून काही आणावे लागू नये. पाळेकर यांच्या मांडणीचे चार आधार आहेत: बियाण्यावर संस्कार करणारे बीजामृत, जमिनीत सूक्ष्मजीव वाढवणारे जीवामृत, जमीन झाकणारे आच्छादन आणि वाफसा. यांपैकी जीवामृताचा बोलबाला सर्वांत अधिक झाला. दोनशे लिटर पाण्याच्या पिंपात देशी गाईचे दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून, सावलीत दोन दिवस ठेवून, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळून ते तयार होते आणि एका एकराला पुरते.

या पिंपातून पिकाला प्रत्यक्ष अन्न किती मिळते, हे तपासून पाहणे नैसर्गिक शेतीच्या हिताचेच आहे. दहा किलो ताज्या शेणातून तीस-चाळीस ग्रॅम, दहा लिटर गोमूत्रातून फार तर शंभर ग्रॅम आणि दोन किलो बेसनातील प्रथिनांतून सत्तर ग्रॅमच्या आसपास, असे सगळे धरून एका पिंपात सुमारे दोनशे ग्रॅम नत्र असते. हंगामात आठ वेळा दिले तरी ते दोन किलोच्या आत राहते. एक टन गहू पिकवायला पीक जमिनीतून वीस ते पंचवीस किलो नत्र उचलते. तेव्हा जीवामृत हे खत नव्हे, हे त्याचे पुरस्कर्तेही सांगतात. ते विरजण आहे, आणि विरजणाने दही लागायचे तर भांड्यात आधी दूध असावे लागते. मातीत मुळे, पालापाचोळा, ओल आणि सावली असेल तर बाहेरून आलेल्या व आधीच असलेल्या जिवाणूंना काम मिळते. उघड्या, तापलेल्या, कर्ब संपलेल्या रानात पिंपामागून पिंप ओतले तरी त्या जिवाणूंना खायला काही नसते आणि काही दिवसांत त्यांची संख्या पूर्वपदावर येते. काळ्या जमिनीतील खनिजांत पालाश भरपूर आहे आणि स्फुरदही अडकून पडलेला आहे, तो सूक्ष्मजीव व बुरशी मोकळा करतात, हा पाळेकर यांच्या मांडणीतील भाग शास्त्राला मान्य होण्याजोगा आहे. परंतु बेसाल्ट खडकात नत्र नसतो. तो हवेतूनच आणावा लागतो, आणि ते काम मुख्यत्वे कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम जिवाणू करतात. नैसर्गिक शेती करणाऱ्या ज्या शेतकऱ्यांनी पिंपावर भर दिला आणि आच्छादन व द्विदल आंतरपिकांकडे दुर्लक्ष केले, त्यांच्या निराशेचे कारण बहुधा येथेच सापडते.

आच्छादनाचा विचार करताना उसाच्या पाचटाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. ऊस तुटून गेल्यावर हेक्टरी आठ ते दहा टन वाळलेले पाचट शेतात पडलेले असते आणि त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, पाऊण ते एक टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे एका हेक्टरवरचे पाचट पेटवले की चाळीस-पन्नास किलो नत्र, जो ४५ किलोच्या युरियाच्या दोन-अडीच गोण्यांत मावतो, आणि तीन टनांहून अधिक कर्ब अर्ध्या तासात धुरावाटे निघून जातो. मागे राहते ती राख, जिच्यातील पालाशही वाऱ्याने व पाण्याने बराचसा हलतो. वरच्या मातीतील गांडुळे, बुरशी आणि कीटकांचे होणारे नुकसान याहून वेगळे. तरीही पाचट जळते, आणि ते जाळणारा शेतकरी अडाणी असतो असे मुळीच नाही. सरीत पाचट पसरले की पाटपाणी पुढे सरकत नाही, उंदीर वाढतील अशी भीती असते, खत कसे द्यायचे हे कळत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाचट ठेवलेला खोडवा पहिल्या दीड-दोन महिन्यांत पिवळा पडतो.

हा पिवळेपणा समजून घेतला की आच्छादनाचे निम्मे शास्त्र कळते. सेंद्रिय पदार्थातील कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणाला कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात. मातीतील ह्यूमसमध्ये ते दहा-बारास एक असे असते, कडधान्यांच्या हिरव्या पाल्यात वीस-पंचविसास एक, तर पाचटात सत्तर-ऐंशीस एक. सूक्ष्मजीवांना स्वतःचे शरीर बांधण्यासाठी कर्बाबरोबर नत्र लागतो, आणि खाद्यातले गुणोत्तर पंचविसाच्या फार वर गेले की तुटीचा नत्र ते आजूबाजूच्या मातीतून उचलतात. तो त्यांच्या शरीरात सुरक्षित असतो व ते मेल्यावर पिकाला परतही मिळतो, पण मधल्या काळात कोवळ्या फुटव्यांची उपासमार होते. म्हणूनच पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्यासारख्या संस्थांच्या प्रसारातून रूढ झालेल्या शिफारशीत पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू-संवर्धक टाकावे असे सांगितले जाते. त्याआधी बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढून कोंब मोकळे करायचे, उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटायचे, पाणी देऊन पाचट मातीला चिकटू द्यायचे, आणि पुढील खतमात्रा पहारीने भोक घेऊन मुळांशी द्यायची, असा हा क्रम आहे. युरिया न वापरण्याचा ज्याचा निश्चय आहे त्याने हीच तूट शेणस्लरीने आणि वरंब्यावर चवळी किंवा ताग घेऊन भरून काढावी लागते. ती आपोआप भरून निघत नाही. कुजण्याला पाच-सहा महिने लागतात, त्या काळात तण दबते आणि बाष्पीभवन घटल्याने पाण्याच्या पाळ्या कमी होतात.

आता याचा मातीतल्या कर्बावर परिणाम किती होतो ते पाहावे. दहा टन पाचटातील साडेतीन टन कर्बापैकी बहुतेक भाग जिवाणूंच्या श्वासावाटे हवेत जातो आणि साधारण दहावा ते सातवा हिस्साच टिकाऊ रूपात मातीत उरतो. ही मात्रा चार-पाचशे किलोच्या घरात येते, म्हणजे २२ लाख किलो मातीत वर्षाला जेमतेम ०.०२ टक्के. पत्रिकेवरचा आकडा ०.४० वरून ०.५० वर न्यायला, इतर काही बिघाड झाला नाही तर, चार-पाच वर्षे लागतात. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या बाटलीबंद उत्पादनांचा फोलपणा या साध्या गणिताने उघड होतो, आणि पहिल्या दोन वर्षांत आकडा हलला नाही म्हणून नैसर्गिक पद्धत सोडून देणाऱ्याची घाईही. मात्र आकडा हलण्याच्या कितीतरी आधी मातीचे वागणे बदलते, कारण ताजा पालापाचोळा व जिवंत बुरशी रवे बांधायला लगेच सुरुवात करतात. दोन शेतांतील सुकी ढेकळे काचेच्या दोन पेल्यांत पाण्यात अलगद सोडली तर कर्ब संपलेल्या, सतत ढवळलेल्या रानाचे ढेकूळ मिनिटा-दोन मिनिटांत विरघळून तळाशी गाळ होते, आणि आच्छादनाखालचे बराच वेळ आकार धरून राहते. ही परीक्षा कोणत्याही घरी करता येते व तिला खर्च नाही.

जमिनीवर पसरलेल्या काडीकचऱ्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोल जमिनीखालच्या मुळांना आहे. मूळ जिवंत असताना स्वतःच्या अन्नातील बराच अंश साखर व आम्लांच्या रूपाने मातीत पाझरू देते आणि त्यावर जिवाणूंची वस्ती पोसते. पीक कापल्यावर तेच मूळ जागच्या जागी कुजून हवा-पाण्यासाठी नळी मागे ठेवते. म्हणून धसकट न उपटता, न वेचता, जागेवर कुजू देणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. रायगड जिल्ह्यातील नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा राईस तंत्रा’चा गाभा हाच आहे. भाताची चिखलणी आणि लावणी टाळून कायमस्वरूपी गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर भोके पाडून त्यांत बी टोकायचे, कापणीनंतर बुडखे व मुळे तशीच ठेवायची, आणि त्याच वाफ्यांवर न नांगरता रब्बीत वाल किंवा हरभरा व पुढल्या पावसाळ्यात पुन्हा भात घ्यायचा, असे हे तंत्र आहे. यात राबही भाजावा लागत नाही आणि लावणीसाठी कमरेत वाकून चिखलात दिवस काढणाऱ्या बायाबापड्यांचे कष्टही वाचतात. परंतु नांगरट थांबवली की तण आणि जुने फुटवे आवरण्यासाठी या तंत्रात तणनाशकाचा आधार घेतला जातो, तर तणनाशक वर्ज्य मानणाऱ्या नैसर्गिक शेतकऱ्याला पुष्कळदा कोळपणी-वखरणीकडे वळावे लागते. नांगर आणि तणनाशक हे दोन्ही एकाच वेळी सोडणे फार थोड्या जणांना साधले आहे. ज्यांना साधले त्यांनी ते दाट आच्छादन आणि जमीन कधी रिकामी न राहू देणाऱ्या पीकरचनेच्या बळावर साधले. दोन मार्गांपैकी कमी अपायाचा कोणता, यावर प्रयोगशील शेतकऱ्यांत प्रामाणिक मतभेद आहेत आणि ते मोकळेपणाने चर्चिले जाणे मातीच्या दृष्टीने चांगलेच आहे.

द्विदल पिकांबाबत असा मतभेद नाही. ज्वारीत तुरीच्या ओळी घालण्याची पठारावरची जुनी चाल खोल सोटमुळे, झडणारा पाला आणि मुळांवरच्या गाठी यांमुळे जमिनीला तिहेरी लाभ देत असे. ज्वारीचे क्षेत्र घटले आणि सलग सोयाबीन किंवा सलग कपाशी आली तेव्हा कडब्याबरोबर जनावरे व मिश्रपिकाबरोबर ही परतफेडही कमी झाली. पेरून दीड महिन्याने, फुलावर येताना गाडलेला ताग किंवा धैंचा, आणि बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला, ज्यात अडीच टक्क्यांच्या आसपास नत्र असतो, हे आजही सहज जमणारे उपाय आहेत. गिरिपुष्पाला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, हा गुण खुल्या चराईच्या गावात फार मोलाचा ठरतो.

येथे कोरडवाहू शेतकऱ्याची खरी अडचण पुढे येते. ज्याच्याकडे ऊस किंवा केळी आहे त्याच्याकडे आच्छादनाला काडीकचरा मुबलक असतो. ज्याचे रान पावसावर आहे त्याचा कडबा गोठ्यात, तुरीच्या तुराट्या चुलीत व कुडाला आणि कपाशीच्या पऱ्हाट्या सरपणात जातात. अशा कुटुंबाला ‘जमीन झाका’ असे सांगणे सोपे आहे, पण तो झाकणारा कचरा कोठून आणायचा हे सांगणाऱ्याने सांगितले पाहिजे. पडीक जमिनीवर आणि बांधांवर झुडपे वाढवणे, सामायिक कुरणे राखणे, स्वयंपाकाला दुसरे इंधन पोहोचवणे या गोष्टी म्हणून मृदाआरोग्याच्याच कार्यक्रमाचा भाग ठरतात. आणखी काही दुखण्यांवर नैसर्गिक पद्धती एकट्या पुऱ्या पडत नाहीत. कृष्णा-वारणेच्या काठी, सांगली-कोल्हापूर भागात, उसाला बेसुमार पाणी देऊन क्षारपड व चोपण झालेल्या जमिनींना आधी चर किंवा भूमिगत नळ्यांचा निचरा लागतो, चोपण जमिनीला जिप्समही लागते, आणि हे झाल्यावरच शेणखत व हिरवळीचे खत गुण देते. जस्ताची कमतरता असलेल्या रानातून दरवर्षी धान्य बाहेर जात असेल आणि परत काहीच येत नसेल, तर तीही केवळ जिवाणूंवर विसंबून कायमची भागणार नाही.

सरकारी पातळीवर केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मान्यता दिली असून, १५ हजार समूहांतून साडेसात लाख हेक्टर क्षेत्र आणि एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. एकट्या युरियाच्या अनुदानावर वर्षाला लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च होत असताना ही तरतूद अल्पच म्हणावी लागेल, तथापि दिशा योग्य आहे. घाई मात्र घातक ठरते. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली, भाताचे उत्पादन कोसळले आणि त्याच वर्षी सरकारला ती मागे घ्यावी लागली. ज्या जमिनीतील कर्ब पन्नास वर्षांत घटला तिची खते एका हंगामात तोडली तर पीक कशावर उभे राहणार, याचा विचार तेथे झाला नाही. सगळ्या रानाऐवजी एखाद्या एकरावर सुरुवात करणे, पहिली तीन वर्षे आच्छादन व हिरवळीचे खत वाढवत नेऊन त्या प्रमाणात रासायनिक मात्रा घटवणे, आणि या संक्रमणकाळातील तूट शेतकऱ्याच्या एकट्याच्या अंगावर न टाकता शासनाने तिचा भार उचलणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

सुरुवात मातीच्या नमुन्यापासून करावी. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, बांध, झाडाखालची सावली आणि उकिरड्याची जागा टाळून शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यावेत, प्रत्येकाच्या कडेची दोन बोटे जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून एकत्र मिसळावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हीच क्रिया करून तो नमुना प्रयोगशाळेत द्यावा. अहवाल आल्यावर सेंद्रिय कर्बाचा आकडा घरात दिसेल अशा जागी लिहून ठेवावा आणि त्याच शेताचा, त्याच महिन्यात, तीन वर्षांनी पुन्हा नमुना काढावा. आणि ज्यांच्या रानात येत्या गळीत हंगामात ऊस तुटणार आहे त्यांनी निदान एका एकरातले पाचट काडी न लावता सरीत पसरून ठेवावे.